रस्ट कन्व्हर्टर, झिंक स्प्रे, काळं कोटिंग, वॅक्स... जुन्या गाडीच्या गंजावर सगळं लावून झालं, आता खरा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो. बाटलीतलं रस्ट कन्व्हर्टर पाचापैकी तीन, झिंक स्प्रे साडेतीन पण नीट लावला तरच, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर साडेचार, गाडीच्या पोटाला मारतात ते काळं रबर कोटिंग जुन्या गाडीसाठी एक (तोही शून्य देता येत नाही म्हणून), आणि पोकळ भागात मारायचं कॅव्हिटी वॅक्स पाचाला पाच. म्हणजे जे लावल्यावर सगळ्यात छान दिसतं ते सगळ्यात खाली आणि जे लावल्यावर कुणाला दिसतसुद्धा नाही ते सगळ्यात वर, आणि हे उगाच नाही, कारण जुन्या गाडीचा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. रंगाखाली बारीक फुगवटा दिसला की आपण म्हणतो आत्ता लागला, पण मागच्या बाजूने पत्रा कधीपासूनच खाल्ला गेलेला असतो.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, रंग उचलतो, दोन पत्र्यांच्या जोडात असेल तर जोडच फाकवतो. आणि बॉडीचा पत्रा असतो जेमतेम ०.७ ते ०.८ मिलीमीटर. त्यातला अर्धा गेला तर राहिलं काय? हा आकडा डोक्यात ठेवून बाकीचं वाचा, कारण प्रत्येक बाटलीच्या लेबलवर असं लिहिलेलं असतं की जणू गेलेलं लोखंड परत येणार आहे. येत नाही. एकाही प्रॉडक्टने येत नाही.

आता कन्व्हर्टर. बाजारात दोन जातीची मिळतात आणि लोक दोन्हीला एकच समजतात. एक दुधासारखं पांढरट, जरा घट्ट, ज्यात टॅनिक ॲसिड आणि एक पॉलिमर असतं. हे गंजावर लावलं की गंजातल्या लोहाशी टॅनिन जुळतं, आयर्न टॅनेट तयार होतं, पांढऱ्याचं जांभळट आणि मग काळं होतं, आणि वर पॉलिमरचा पातळ थर बसतो. बघायला एकदम मस्त वाटतं, अर्ध्या तासात तांबडा पत्रा काळाभोर, आणि इथेच माणूस फसतो कारण काळं झालं म्हणजे काम झालं असं वाटतं. दुसरं पाण्यासारखं पातळ, त्यात फॉस्फोरिक ॲसिड. त्याने आयर्न फॉस्फेट होतं, पत्रा करडा पडतो, आणि हे पातळ असल्यामुळे बारीक खड्ड्यांत जास्त चांगलं उतरतं. पण वाळल्यावर पांढरट भुकटी राहते, ती लेबलवर सांगितल्याप्रमाणे धुवून पुसून काढलीच पाहिजे, नाहीतर वरचा रंग त्या भुकटीवर बसतो, पत्र्यावर नाही.

दोन्हीची मर्यादा मात्र एकच. जेवढं भिजतं तेवढंच बदलतं. गंजाचा जाड पोपडा असेल तर वरची साल काळी होते आणि खाली तपकिरी गंज तसाच जिवंत. खात्री करायची असेल तर पूर्ण वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जरा जोरात ओरखडा काढा. खालून काळं किंवा चकचकीत निघालं तर ठीक, तपकिरी पावडर निघाली तर परत खरवडा. मी आता हे प्रत्येक जागी करतो, पाच सेकंदाचं काम आहे, आणि लेबलवर हे कुणी लिहीत नाही कारण मग 'थेट गंजावर लावा' हे वाक्य पोकळ पडतं.

आणि उलटंही आहे, स्वच्छ चकचकीत लोखंडावर टॅनिनवालं लावलं तर त्याला बदलायला काही मिळतच नाही, नुसता एक फडतूस पातळ थर बसतो जो नखाने निघतो. म्हणजे कन्व्हर्टरची खरी जागा कुठली तर खरवडून झाल्यावर खड्ड्यांत जो काळपट ठिपक्या ठिपक्यांचा गंज राहतो, जो कुठल्याच ब्रशने निघत नाही, तिथे. तिथे ते मनापासून चांगलं काम करतं, म्हणून तीन मार्क. डबल कोट द्या, दमट हवेत लावू नका, आणि बाटलीत थेट ब्रश बुडवू नका, लागेल तेवढं वेगळ्या वाटीत काढा, कारण ब्रशला लागलेला गंज बाटलीत गेला की अख्ख्या बाटलीची रिॲक्शन सुरू होते आणि पुढच्या वेळी उघडाल तेव्हा आत काळ्या गुठळ्या.

खरवडण्याबद्दल थोडं, कारण ऐंशी टक्के काम तिथेच आहे आणि ते कुठल्याच बाटलीत मिळत नाही. ग्राइंडरला लावायचा तारेचा कप ब्रश सगळ्यांकडे असतो, पण तो घट्ट गंज काढण्यापेक्षा घासून चकचकीत करतो, वरून पॉलिश केल्यासारखा दिसतो आणि आपल्याला वाटतं लोखंड लागलं. फ्लॅप डिस्क उलट गंजाबरोबर पत्रापण खाते, आणि पत्रा किती जाड आहे ते वर सांगितलंच आहे. मला सगळ्यात पटलं ते नायलॉनच्या जाळीसारखं जाड स्ट्रिप डिस्क, गंज आणि रंग काढतं पण चांगल्या पत्र्याला फारसं हात लावत नाही, गरमही कमी होतं. लवकर झिजतं ही तक्रार आहे, पण झिजू दे. मोठ्या सपाट पॅनेलवर, म्हणजे बोनेट, छत, दार, सँड ब्लास्टिंग करून घेताना जपून, जोरात मारलं तर पत्रा वाकडा होतो आणि मग तो सरळ करणं गंजापेक्षा अवघड. चासीच्या भागांना, सस्पेन्शनच्या आर्म्सना खुशाल करा. आणि गॉगल घाला हो, तारेचा एक तुकडा पुरतो.

सुट्या निघणाऱ्या भागांसाठी, ब्रॅकेट, बिजागऱ्या, नट बोल्ट, पाने वगैरे, बुडवून ठेवायची कीलेटिंग द्रावणं (गंजातलं लोह पकडून सोडवणारी) मिळतात, इव्हॅपो-रस्ट त्यातलं नावाजलेलं. हे ॲसिडसारखं चांगल्या लोखंडाला खात नाही, फक्त गंज ओढून घेतं, हाताला त्रास देत नाही, वास नाही. रात्रभर ठेवा, सकाळी काढा, धुवा आणि लगेच वाळवून रंग किंवा तेल लावा, कारण उघड्या लोखंडावर तासाभरात परत तांबूस झाक येते. साडेचार मार्क, अर्धा कापला कारण गाडीची सिल, म्हणजे दाराखालची पोकळ पट्टी, काही बादलीत बुडत नाही. स्प्रिंग आणि हाय टेन्साइल बोल्ट मात्र कडक ॲसिडमध्ये कधीच टाकू नका, लोखंडात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि मग कधीतरी एकदम तुटतं, आधी काही सांगत नाही.

झिंक स्प्रेबद्दल फार गैरसमज आहेत. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, सगळा खेळ एवढाच. पण त्यासाठी झिंकचा कण आणि लोखंड एकमेकांना टेकले पाहिजेत, मध्ये काहीही नको. त्यामुळे कन्व्हर्टर लावून वरून झिंक मारणारे जे लोक आहेत (दुकानदार आवर्जून दोन्ही एकत्र विकतात) त्यांचा झिंक फुकट गेला, तो मग नुसता करडा रंग. एक तर कन्व्हर्टर नाहीतर झिंक. डब्यावर वाळलेल्या थरात झिंकचं प्रमाण किती ते बघा, नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर घ्या. नुसतं 'झिंक कलर' किंवा चांदीसारखं चमकणारं असेल तर ते बहुतेक ॲल्युमिनियमचं, दिसायला छान, कामाला नाही. खरा झिंक स्प्रे मळकट करडा दिसतो आणि डबा हलवताना आतली गोळी सुटायलाच वेळ लागतो इतका तो तळाशी बसतो, दोन मिनिटं हलवत बसायला लागतं.

कारखान्यातून झिंक चढवून आलेल्या पत्र्याची गोष्टच वेगळी. पोर्शने ९११ ला १९७६ च्या मॉडेलपासून गरम झिंकमध्ये बुडवलेला पत्रा वापरायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये आलेली ऑडी ८० पूर्ण गॅल्व्हनाइज्ड बॉडीची होती, आणि म्हणूनच त्या काळातल्या बाकीच्या गाड्यांपेक्षा त्या जास्त संख्येने धड दिसतात. अशा पत्र्यावर सरसकट ग्राइंडर फिरवू नका, तो झिंक एकदा घासला की परत घरी चढत नाही. जिथे गंज आहे तेवढंच उघडा.

इपॉक्सी प्रायमर. हे दोन डबे मिसळून करायचं असतं, आणि ज्याला जुनी गाडी खरंच ठेवायची आहे त्याने हेच घ्यावं असं माझं मत झालंय. आपण जो साधा करडा प्रायमर मारतो तो सच्छिद्र असतो, पाणी आरपार जातं. लोक गाडी प्रायमरवर महिनोनमहिने उभी ठेवतात आणि समजतात की सुरक्षित आहे, उलट त्यापेक्षा उघड्या पत्र्याला तेलाचा हात फिरवून ठेवली असती तर बरी. तीच गोष्ट लांबीची (खड्डे भरायची पुट्टी), लांबीपण पाणी शोषते, आणि थेट लोखंडावर लांबी भरली की खालून गंज आणि वर्षा दोन वर्षांत लांबीचा तो तुकडा बिस्किटासारखा सुटून हातात. इपॉक्सी आधी, लांबी त्याच्यावर, मग रंग. एक गोष्ट मात्र, फॉस्फोरिकवाल्या कन्व्हर्टरचं ॲसिड नीट निघालं नसेल तर इपॉक्सी नीट घट्ट होत नाही, पकडत नाही, काही कंपन्या डेटा शीटमध्ये ॲसिडवर मारू नका असं सरळ लिहितात. मास्क साधा धुळीचा नको, केमिकलच्या वाफेचा फिल्टर असलेला. अर्धा मार्क कापला तो मिश्रणाचं प्रमाण, थांबायचा वेळ, दुसऱ्या कोटाचा वेळ असल्या कटकटीसाठी.

ते ओलाव्याने घट्ट होणारे युरेथेन पेंट, जे गंजावर थेट मारा म्हणून सांगतात, तेही वापरले. कडक होतात, दगडाने टवका उडत नाही, खडबडीत गंजलेल्या चासीवर पकड भारी. गुळगुळीत स्वच्छ पत्र्यावर मात्र पापुद्र्यासारखे निघतात. उन्हात फिके पडतात म्हणून वर दुसरा रंग लागतो. हाताला लागलं तर कातडी जाईपर्यंत जात नाही, आणि झाकणाच्या खाचेत जरा राहिलं की डबा परत उघडत नाही, मध्ये प्लास्टिकची पिशवी घालून झाकण लावा. साडेतीन.

आता काळं कोटिंग, आणि इथे जरा जास्त बोलणार आहे कारण जुन्या गाड्या या प्रकाराने जेवढ्या मारल्यात तेवढ्या कशानेच नसतील. मी ज्या वर्कशॉपमध्ये हे करून घेतलं त्याचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, पण पद्धत अशी: गाडी लिफ्टवर, प्रेशरने पाणी मारलं, थोडी वाळवली, आणि फर्रर्र काळं. मध्ये खरवडणं नाही, कन्व्हर्टर नाही, काही नाही. दुपारपर्यंत गाडी तयार, खालून एकदम नवी कोरी. भिंतीला ओल असताना वरून डिस्टेंपर मारावा तसं ते. जोडांमध्ये जे पाणी होतं ते आतच राहिलं, आणि रबरासारखा थर असल्यामुळे ते बाहेर यायचा रस्ताही बंद. पुढे कडेला एक बारीक चीर पडली, तिथून अजून पाणी आत, आणि नंतर जेव्हा मी जॅक लावायच्या जागेजवळ स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तेव्हा काळी कातडी अख्खी हातात आली आणि तिच्या आतल्या बाजूला पत्र्याचे तपकिरी पापुद्रे चिकटलेले. म्हणजे वरून बघणाऱ्याला शेवटपर्यंत काही कळत नाही. डांबरी कोटिंगचं तेच, ते वयानुसार कडक होतं आणि तडकतं.

नव्या स्वच्छ पत्र्यावर, चाकाच्या वर मडगार्डच्या आत, खडी उडते तिथे हे कोटिंग चांगलं आहे, खाली इपॉक्सी असेल तर अजून चांगलं, त्याबद्दल वाद नाही. माझा एक मार्क जुन्या, आधीच गंजलेल्या गाडीसाठी आहे. आणि जुनी गाडी विकत घेताना खालून ताजं काळं दिसलं तर खूश होऊ नका, उलट तिथेच टोचून बघा, मालकाने टोचू दिलं नाही तर उत्तर मिळालं. बाजूला कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी किंवा फायबर. बोटाच्या पेराने ठोकत जा, आवाज बदलतो.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराखालची पोकळ पट्टी म्हणजे सिल, चाकावरच्या कमानीची आतली कड, दारांची खालची शिवण, पुढच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालची जमीन, आणि वायपरच्या खालची ती जागा जिथे पानं कुजत बसतात. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या. वरचा गंज म्हणजे दाराची कड, बोनेट, हा मनाला लागतो पण गाडी धरून ठेवणारे भाग वेगळे. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लँचिया या इटालियन कंपनीला बीटा मॉडेलच्या गाड्या लोकांकडून परत विकत घ्यायची वेळ आली होती, ती काही दारांच्या गंजासाठी नाही, इंजिन ज्या सबफ्रेमवर बसतं ती सडत होती म्हणून. सिल, सबफ्रेम, सस्पेन्शनच्या जागा, सीट बेल्टचे बोल्ट, इथे टोचा आत गेला तर कुठलीही बाटली घेऊ नका, चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा वेल्ड करणाऱ्याकडे जा. भोकावर फायबर आणि लांबी लावून रंग मारणं म्हणजे स्वतःलाच फसवणं, आणि पुढच्या मालकाला तर सरळ धोका.

आता पाच मार्कवालं. कॅव्हिटी वॅक्स म्हणजे मेण, तेल आणि गंजरोधक यांचं मिश्रण, स्प्रेच्या डब्यात येतं आणि बरोबर लांब लवचिक नळी असते जिच्या टोकाच्या नोझलमधून चारी बाजूंना फवारा उडतो. नळी सिलमध्ये शेवटपर्यंत सरकवायची, बटण दाबायचं आणि हळूहळू मागे ओढायची. सॉल्व्हंट उडायच्या आधी हे जोडांमध्ये, गंजाच्या थराच्या आत झिरपतं, पाण्याला हटवतं, आणि मग मेणासारखं मऊ राहतं, कडक होऊन तडकत नाही. म्हणूनच हे जुन्या गाडीला चालतं, कारण सिलच्या आत आपण खरवडू शकतच नाही, तिथे गंज असणारच आहे, आणि जे त्या गंजाला भिजवून हवा पाणी तोडू शकतं तेच उपयोगाचं. ही कल्पना काही नवी नाही, अमेरिकेत डेट्रॉइटला झीबार्ट १९५९ पासून गाडीला भोकं पाडून आत फवारून देण्याच्या धंद्यात आहे. आता बहुतेक गाड्यांना कंपनीचीच भोकं आणि रबरी बुचं असतात, दाराच्या पट्ट्या आणि प्लास्टिक काढलं की दिसतात, ड्रिल करायच्या आधी ती शोधा.

सगळ्यात आधी मात्र ड्रेन होल. दाराच्या आणि सिलच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती माती आणि जुन्या कोटिंगने बुजलेली असतात. तार घालून मोकळी करा, आतून काय घाण पाणी निघतं बघाच. फवारून झाल्यावर परत एकदा तार घाला, वॅक्सनेच बुजवलं तर काय फायदा. पोकळ भागात फोम भरायची आयडिया कुणी दिली तर अजिबात ऐकू नका, अल्फा रोमिओच्या अल्फासूद गाडीच्या पोकळ सेक्शन्समध्ये कंपनीनेच फोम भरला होता आणि तो पाणी धरून बसायचा, त्या गाडीचं गंजासाठी किती नाव झालं ते जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही विचारा.

गरम दिवशी मारा, नाहीतर डबा आधी कोमट पाण्यात ठेवा, थंडीत ते जाड होतं आणि पसरत नाही. आधी दोन चार दिवस गाडी कोरडी राहू द्या. ब्रेक डिस्क, सायलेन्सर, सीट बेल्टची रिळं झाका. वेल्डिंग असेल ते सगळं आधी उरका, वॅक्स पेट घेतं आणि धूर निघतो, वेल्डर तुम्हाला शिव्या घालेल. नंतर काही दिवस भोकांतून तपकिरी थेंब गळत राहतात आणि वास येतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. थेंब गळतायत म्हणजे ते शिवणीपर्यंत पोचलं, हे चांगलंच लक्षण.

पोटाला खालून काय लावायचं तर मी काळ्या रबराऐवजी लॅनोलिनवालं लावतो, फ्लुइड फिल्मसारखं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं चरबट. हे कधी वाळतच नाही, ओरखडा पडला तरी आजूबाजूचं सरकून परत झाकलं जातं. तोटा म्हणजे दर वर्षी परत मारायचं, धूळ चिकटते, मेंढीचा वास काही दिवस राहतो, आणि काही प्रकारच्या रबराला ते फुगवतं म्हणून सस्पेन्शनच्या बुशांवर उडू देऊ नका. चार मार्क. ज्याला दरवर्षी गाडीखाली झोपायचा कंटाळा आहे त्याने जाड मेणवालं अंडरबॉडी वॅक्स घ्यावं, ते जास्त टिकतं.

बॅटरीला जोडायचं ते इलेक्ट्रॉनिक रस्ट डब्बं, दिवा लुकलुकतो ते, त्याला मार्कच देत नाही. जहाजाला आणि जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला विजेने गंज थांबवता येतो, कारण त्या पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेल्या असतात आणि करंटला फिरायला रस्ता मिळतो. गाडीभोवती हवा असते. त्यापेक्षा त्या पैशात वॅक्सचे अजून डबे घ्या, आणि घेताना नोझलवाली लांब नळी बरोबर आहे का ते डबा हलवून नाही, उघडून बघा, मला एकदा नुसता डबा मिळाला आणि साध्या स्ट्रॉने सिलच्या आत काही मारता येत नाही. नळी वापरून झाल्यावर रॉकेल किंवा थिनरने लगेच साफ करा, नोझलची भोकं सुईएवढी असतात, वॅक्स आत वाळलं की नवीनच आणावी लागते आणि ती सुटी मिळेलच असं नाही.